दोन पुरुस उंची

किसनदादाच्या दारात कोनाची गाडी थांबली, का दादा पयले मानसाले नाई, गाडीच्या पोटाले भेटते. लुंगी सावरते, जमिनीवर उताना पडते, अन् सरकत सरकत खाली जाते. जयभीमही तिथूनच घालते. पाहुना बिचारा हात जोडून दादाच्या चपलेशी बोलते.

आमच्या अनसिंगात एकडाव वरात आली. नवरदेव कारमधून उतरला, त्याले खाली दोन पाय दिसले, तो त्यायच्याच पाया पडला. खालून आवाज आला, "सुखी राह्य. पर सायलेन्सर लटकून राह्यला."

दादा बसच्या डेपोत मेक्यानिक होता. सारी नोकरी खड्ड्यात गेली. वर बस उभी, खाली दादा, डोयात ऑइल. "गाडी खालून पाहाव, गजा," हे त्याचं रोजचं. "वरून साऱ्याच चांगल्या दिसतात." मी त्याच्या गल्लीतला गवंडी. मले वरूनही कोनी चांगलं म्हनत नाई.

रिटायर झाल्यावर दादाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. घराच्या बाजूले शेड बांधाची, अन् तिच्यात गाडी उचलाची लिफ्ट बसवाची. दोन लोखंडी खांब, बटन दाबलं का कार वर. वाशीमच्या एका ग्यारेजवाल्यापासून त्यानं जुनी लिफ्ट आनली, तेही शेडीच्या आंधी. अंगनात झोपवली. पाऊस आला का पयले तिच्यावर ताडपत्री टाके, मंग वायत घातलेल्या कपड्यायकडं पाहे.

"काहून एवढा आटापिटा, दादा?" मी इचारलं.

"सुनील तिकडं पुन्यात लिफ्टखाली उभा राहून काम करते. इथं येऊन माह्यासारखा जमिनीवर लोयला, तं चार दिवसात पयून जाईन. त्याले सरकं उभं राह्याले जागा पायजे."

सुनील म्हनजे त्याचा एकच पोरगा. बापापेक्षा चार बोटं उंच.

दादानं हिसाब सांगतला. गाडी पोराच्या डोक्यावर गेली पायजे, अन् गाडीच्या टपावर पत्रे. "दोन पुरुस उंची ठेव, गजा." आमच्याकडं विहीर पुरुसानं मोजतात. एक मानूस उभा राह्यला का एक पुरुस. मी काई शायेत गेलो नाई. टेप खिशात ठेवतो, तो शोभेले. मी बांबूले पाठ लावली, डोक्यावर कोयश्यानं रेघ मारली, अन् तेवढंच दोनदा धरलं.

आता राजेहो, दादा सहा फुटाचा. मी चप्पल घालून पाच.

विहिरीत हे खपून जाते, दोर वाढवता येते. शेडीत काय वाढवता?

दादाले दिसलं काहून नाई? तो सवयीनं खालीच पाहे. पालथा पडून काँक्रीट ठोके, लेवल लावे, "वा गजा" म्हने. वर त्यानं मान केली नाई. वर मी होतो, पर मले अक्कल नोती.

जयंतीले सुनील आला. कार शेडीत घेतली. दादानं नवा शर्ट घातला होता, बटन त्यानंच दाबलं. कार चढली, चढली, सुनीलच्या छातीपाशी आली, अन् टपानं पत्र्याले टक्कर देल्ली. सुनील खाली घुसला. मान वाकडी, गुडघे वाकडे. तसाच थोडा टाइम राह्यला, मंग बाहेर आला.

"पाहू पुढं, बाबा," म्हने.

दुसऱ्या दिवशी तीच कार घेऊन पुन्याले गेला. टेप माह्या खिशातच होता. कोनाले वाचाले लावला असता तं काय माहं नाक कापलं जानार होतं?

गावानं मले धुऊन काढलं. हॉटेलवर गेलो का कोनी ना कोनी माह्या डोक्यावर हात ठेवून इचारे, "काबे गजा, हा एक पुरुस का अर्धा?"

महिनाभर मी दादाच्या घरापुढून गेलोच नाई. मंग एक दिवस सायकल काढली अन् गेलो.

"दादा, मजुरी नाई घेत. पत्रे काढतो, दोन फूट चढवतो, चार दिवसाचं काम."

दादा माह्या सायकलखाली शिरला. सायकलखाली पाह्यासारखं काय राह्यते?

"राहू दे, गजा."

"काहून? मंग येईन ना पोरगा."

"आता लोक इचारतात, सुनील वापस काहून नाई आला. मी सांगतो, गजानं उंची खाल्ली. उंची बरोबर झाली, अन् तरी तो नाई आला, तं मंग काय सांगू?"

खालून हात बाहेर आला. "फडकं दे. डोयात ऑइल पडलं."

माह्या सायकलच्या चैनीनं चार सालापासून ऑइल पाह्यलं नाई. मी डोक्याचा रुमाल सोडून देल्ला.

शेड अजून तेवढीच आहे. हॉटेलवर आता कोनी इचारत नाई, तरी मीच सुरू करतो, "सुनील तं येनारच होता गा. माह्या बुटकेपनानं अडला."

दादा बाजूच्या बाकड्यावर चहा पेत राह्यते. मान हालवते, अन् म्हनते, "हो ना. दोन फुटानं."