जाकिटातले अप्पा

भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, जाड खादीचं जाकीट घालून फिरणारा माणूस लातुरात मी एकच पाहिला. बसवणप्पा. माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला लागून त्यांचं भांड्यांचं दुकान. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पाठ घामानं काळी. कुणी हटकलं की म्हणायचे, "मला गारठा बाधतो."

कुठलीही गोष्ट काढा, अप्पांचं ठरलेलं, "आधी वाईट काय ते सांग." मुलीला उदगीरचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाच्या बापालाच विचारलं, "पोरात वाईट काय हाय?" बाप गडबडून म्हणाला, "घोरतो." लग्न तिथंच ठरलं.

त्या वर्षीचा दुष्काळ असा, की शहराला पाणी रेल्वेनं आलं. गल्लीत टँकर लागला की पुरुषमाणसं तिथंच चड्डीवर दोन तांबे अंगावर घेऊन मोकळी व्हायची. अप्पा मात्र जाकिटातच घागर भरून आत जायचे. शेवटी घामोळं चिघळलं, ताप चढला. मी जबरदस्तीनं बटणं सोडायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हसू नको, भाऊ."

त्यांची छाती बाईसारखी वाढलेली होती.

"ल्हानपणी तळ्यावर पोरं मला 'अक्का' म्हणायची," भिंतीकडं बघत अप्पा म्हणाले. "तवापासून उघडा न्हाई झालो. बायको गेली. तिनंबी न्हाई बघितलं मला कधी."

आम्ही नांदेडला सर्जन बाईंकडं गेलो. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो तेव्हा अप्पा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "आधी वाईट काय ते सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशननंतर रक्त साकळू शकतं. जखम पिकू शकते. तिथली संवेदना जाऊ शकते. एक बाजू खोलगट राहिली तर पुन्हा टेबलावर. तुमची साखर वाढलेली, म्हणजे भूल देणंही जोखमीचं. बाकी रिपोर्टात काही नाही. नाही काढलं तरी जिवाला धोका नाही."

"मग चांगलं काय?"

"ते तुम्हीच सांगा. कुणासाठी करायचंय?"

अप्पांच्या कपाळाची शीर उडत होती. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

"एकदा टँकरपाशी बसायचंय," ते म्हणाले. "सगळ्यांसारखं."

बाई हसल्या नाहीत. आधी साखर उतरवा, मग तारीख देते, म्हणाल्या. अप्पांनी बिनसाखरेचा चहा सुरू केला. घोट घेताना चेहरा असा, की दारात आलेलं गिऱ्हाईक परत जायचं! पण साखर उतरली, तारीख मिळाली.

आणि त्याच आठवड्यात महादेवीचं, त्यांच्या मुलीचं, सातव्या महिन्यातच ब्लडप्रेशर चढलं. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून जावई पेढे वाटायच्या तयारीत होता. तो बायकोला गाडीत घालून लातूरला आला. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. महादेवी शुद्धीवर येईना.

दवाखान्याच्या बोळात उदगीरचे सगळे पाहुणे उभे. बाळाची काचेची पेटी मधेच बंद पडलेली, दुसरी रिकामी नव्हती. नर्स घाईनं आली. "बाळाचं अंग गार पडायलंय. कुणाच्यातरी उघड्या छातीवर ठेवावं लागंल. घरचं कोण हाय?"

जावई रक्ताची पिशवी आणायला गेलेला. महादेवीच्या सासूला खोकला, तिला आत जायला मनाई. कुणी पुढं होईना. मी म्हणालो, "मी येतो."

"थांब," अप्पा म्हणाले.

त्यांनी एकदा सगळ्या पाहुण्यांकडं पाहिलं आणि बटणं सोडायला सुरुवात केली. एक बटण निघेना, तर ओढून तोडलं. मग बनियन काढलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. अप्पांच्या मानेपर्यंत रक्त चढलं, पण ते वळले नाहीत. तसेच आत गेले.

मी काचेतून बघत होतो. मांजराच्या पिलाएवढी ती पोर नर्सनं त्यांच्या छातीवर पालथी ठेवली. ती जरा चाचपडली, गाल टेकला आणि निजली. थोड्या वेळानं नर्सनं तिच्या तळव्याला हात लावून मान डोलावली. अप्पा डोळे मिटून बसले होते. पापण्यांखालून पाणी वाहत होतं.

महादेवी पुढं शुद्धीवर आली, पण अंगात त्राण नव्हतं. नातीला छातीवर घ्यायचं काम अप्पांकडंच राहिलं. तारीख केव्हाच टळली होती. एकदा नात त्यांच्या छातीवर निजलेली असताना मी वाकून विचारलं, "नांदेडला नको म्हणून कळवू का?"

"नको कशाला? पुढची तारीख घे."

"म्हणजे करायचंच?"

"करायचंच की." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पन पोरगी जरा भरू दे. तवर हे तिला लागंल."

एवढं बोलतानासुद्धा ते श्वास हळूच घेत होते.