पेटी, पीठ आणि बेटीबाय

“वस्तूला घर द्या रे, म्हणजे ती वाट चुकायची नाही!”

निकोलस मास्तरांचा, म्हणजे वडिलांचा, हा आवाज आग्नेलच्या कानात चाळीस वर्षं मुक्काम ठोकून होता. तेव्हा आग्नेल सात वर्षांचा. पाटीची पेन्सिल हरवली म्हणून केळीच्या बागेत रडत बसलेला. मास्तर विहिरीवरून ओरडले, आणि ते वाक्य पोराच्या कानात जे शिरलं ते काही बाहेर पडायचं नाव घेईना. मास्तर देवाघरी गेले त्यालाही अकरा वर्षं झाली. पण घरात अजून सरळ खिळ्यांचा डबा वेगळा, वाकड्यांचा वेगळा, आणि वाकडे ठोकून सरळ केलेल्यांचा तिसरा!

असा मुलगा मोठा होऊन स्टोअरकीपर झाला नसता तरच नवल. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात आग्नेल घोन्सालविस अठ्ठावीस हजार सुट्या भागांचा धनी होता. कुठलाही नटबोल्ट मागा, डोळे मिटून काढून देईल. त्यामुळे मुलीचं, नताशाचं, लग्न २००७च्या जानेवारीत करायचं ठरलं, तेव्हा त्याने जेवता जेवता जाहीर केलं,

“आता या घरातलं काहीही हरवणार नाही. फोटो नाही, कागद नाही, गाणं नाही. मी सर्व्हर बांधतोय!”

“आधी विहिरीचा कठडा बांधा,” त्याची बायको सालोमी म्हणाली. “आणि सर्व्हर म्हणजे काय?”

“पेटी गं. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची एकच कोठी. सगळं तिच्यात ठेवायचं, आणि जो मागेल त्याला वायरीवरून वाढायचं.”

“आपल्या घरात कॉम्प्युटर किती?”

“एक. आणि नताशाचा लॅपटॉप.”

“म्हणजे जेवणारे दोन, आणि त्यांना आचारी ठेवायचा!” सालोमीने आमटी वाढली. “बांधा. पण शोकेसमधली पवित्र कुटुंबाची मूर्ती हलवायची नाही, आणि पावाच्या डब्यापेक्षा मोठं धूड घरात आणायचं नाही.”

झालं! आग्नेलने मुंबईच्या बाजारातून पावाच्या डब्याएवढीच लोखंडी पेटी हुडकून आणली. दोन रविवार चर्चमधल्या मिस्सेहून आला की सदरा काढून तो तिच्यापुढे बसायचा. त्या एवढ्याशा पेटीत एक बोर्ड, एक पंखा, वीजपुरवठ्याचा ठोकळा आणि दोन हार्ड डिस्क बसवायच्या म्हणजे काय? पाहुण्यांनी भरलेल्या घरात नवरा-नवरीला एकांत शोधून द्यायचा! एक वायर दाबली की दुसरी डोकं वर काढायची. शेवटी झाकण बसलं, आणि हातात एक स्क्रू उरला. आग्नेलने तो ‘उरलेले स्क्रू’ असं लिहिलेल्या बरणीत ठेवला.

पेटी गुणगुणू लागली. निळा दिवा लुकलुकला. माजघरातल्या सागवानी पेटाऱ्यावर तिची स्थापना झाली.

आता त्या पेटीत इतकं जपण्यासारखं होतं तरी काय, ते सांगायला हवं. त्यात होती बेटीबायची गाणी.

बेटीबाय म्हणजे आग्नेलची आई. वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी निर्मळच्या आजूबाजूच्या चार वाड्यांत तिच्याशिवाय मांडवात गाणं उठत नसे. ती पहिली ओळ टाकायची, बायका दुसरी झेलायच्या,

*केळीच्या गाभ्याला दोऱ्याची शिवण गो,*
*लेकीच्या मायेला कसली शिवण गो…*

आणि नवरीचा बाप मांडवाच्या मागे जाऊन नाक शिंकरायचा. शेजारच्या जेम्सने हौसेने टेपरेकॉर्डरवर तिच्या चौदा कॅसेटी भरल्या होत्या. पुढे मास्तर गेले. बेटीबाय वर्षभर काळ्या कपड्यांत होती. त्यानंतरच्या पहिल्या लग्नात कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “तिला कशाला त्रास? टेप लावा.” टेप लावली. पुढच्या लग्नात टेप. त्याच्या पुढच्या लग्नात टेप. बेटीबाय पहिल्या रांगेतल्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून, तोंड मिटून बसायची, आणि लोक एकमेकांना कोपराने ढोसून म्हणायचे, “बघ, कशी भारावून ऐकते!”

पण कॅसेटी आता थकल्या होत्या. काही गाणी घशात मासळीचा काटा अडकल्यासारखी वाजायची. म्हणून आग्नेलने महिनाभर खपून चौदाच्या चौदा पेटीत उतरवून घेतल्या. नताशाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, शनिवारी, मांडवात हीच गाणी वाजणार होती. पेटीतून मांडवापर्यंत वायर ओढून झाली होती. केळीच्या खांबांमधून!

“आणि पेटी बिघडली तर?” जेम्सने विचारलं.

आग्नेल असा हसला, जणू पोपने त्याला बायबल समजावून सांगायला बोलावलंय. “जेम्स, आत दोन डिस्क आहेत. जे हिच्यावर तेच तिच्यावर. एक गेली तरी दुसरी आहे! तुझ्या कॅसेटी आता ने परत.”

जेम्स व्यवहारी माणूस. त्याने कॅसेटी नेल्या, फोडल्या, आणि आतल्या फिती पेरूच्या बागेत झाडाझाडांना बांधल्या. चकचकीत फीत वाऱ्यावर फडफडली की पोपट फिरकत नाहीत.

पेटीचा एक स्वभाव मात्र आग्नेलने फारसा मनावर घेतला नव्हता. लहान घरात मोठं कुटुंब कोंबलं की उबारा होतोच. पेटी रात्रंदिवस कोमट असायची. मांजरीने हे पहिल्याच दिवशी ओळखलं. बेटीबायने तिसऱ्या दिवशी. सकाळी चहाआधी ती पेटीवर तळहात ठेवून बसायची. आणि सालोमीने ओळखलं लग्नाच्या आदल्या दिवशी.

त्या शनिवारी थंडी अशी पडली होती, की विहिरीचं पाणीसुद्धा वाफा टाकत वर येत होतं. फुग्यांचं, म्हणजे लग्नातल्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ मळून तयार होतं. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि फुगवायला ताडी. आमच्याकडे लग्नात एक वेळ नवरदेव उशिरा आला तर चालतो, पण फुगे फुगले नाहीत तर वाडी तीन पिढ्या विसरत नाही! आणि पीठ थंडीने गारठून बसलेलं. जरासुद्धा वर येईना.

आग्नेलचा अर्धा दिवस कारखाना होता. अकरा वाजता त्याचा मोबाइल वाजला.

“अहो, तुमची ती पेटी गरम किती असते?”

आग्नेल उभा राहिला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. बायकोने त्याच्या कामातला एक प्रश्न कधी विचारला नव्हता!

“आत बेचाळीस डिग्री,” तो म्हणाला. “वरून हात लावलास तर कोमट.”

“दुपारपर्यंत तशीच राहील?”

“दुपार काय, दहा वर्षं राहील!”

“मध्येच लाइट गेली तर?”

“वीस मिनिटांची बॅटरी आहे, सालोमी. मी सगळा विचार केलाय.”

“देव तुमचं भलं करो!” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आग्नेलने ही गोष्ट कारखान्यातल्या सात जणांना सांगितली.

इकडे सालोमीने पिठाचं मोठं पातेलं पेटीवर ठेवलं. शेजारची क्लारा, म्हणजे जेम्सची बायको, आपल्या वाट्याचं पीठ मळून घेऊन आली. लग्नघराचं पीठ चार घरांत मळायचं, ही रीतच आहे.

“इथे का गो ठेवलंस?”

“हे म्हणाले, बेचाळीस डिग्री असते. सारखी.”

“बाई! माझ्या चुलीला एवढी अक्कल नाही,” क्लारा म्हणाली, आणि तिने आपलं पातेलं पेटीला खेटून ठेवलं. बातमी कुंपणावरून गेली. अर्ध्या तासात आणखी दोन घरांची पातेली आली. कोंबडीभोवती पिल्लं बसावीत तशी चारही पातेली पेटीला बिलगली. मग क्लारा म्हणाली की ऊब वाया जाते. म्हणून वर एक गोधडी. मग दुसरी!

आता पेटीच्या पंख्याचं काम गरम हवा बाहेर टाकायचं. त्याच्या तोंडावर दोन गोधड्या! तो बिचारा जीव खाऊन फिरू लागला. तो जितका फिरे तितकी गोधडीखाली ऊब वाढे. ऊब वाढली की ताडी खूश. ताडी खूश झाली की पीठ वर! थोड्या वेळाने आतून ‘टुक टुक, टुक टुक’ असा आवाज येऊ लागला.

“उंदीर आहे,” क्लारा म्हणाली, आणि तिने मांजरीला गोधडीखाली सोडलं. मांजर आत जाऊन झोपलं.

अडीच वाजता आग्नेल घरी आला. दारातच त्याला ताडीचा वास आला. त्याला वाटलं, पाहुण्यांनी सुरुवात केलेली दिसते. मग त्याने माजघरात पाहिलं. तापाने फणफणलेल्या माणसासारखं काहीतरी पेटाऱ्यावर गोधड्या पांघरून बसलं होतं आणि टुकटुकत होतं.

“माझी पेटी कुठाय?”

“झाकलीय,” सालोमी उत्साहाने म्हणाली. “बघा तर, काय झकास काम केलंय!”

तिने गोधड्या उचलल्या. मांजर बाहेर पळालं. मोठ्या पातेल्यातलं पीठ टोपलीएवढं फुगून काठावरून ओघळलं होतं. पेटीला चारही बाजूंनी पांढरी दाढी आली होती, आणि हवेच्या भोकाभोकांतून ती दाढी आत शिरत होती.

“सालोमी!”

आग्नेलने बटणाकडे झेप घेतली. पण त्याच्या आधीच आतून ‘फट्’ असा आवाज झाला, आणि घरातले सगळे दिवे गेले. येशूच्या तसबिरीपुढचा लाल बल्बसुद्धा!

त्याने झाकण काढलं. पंखा पिठात रुतून थांबला होता. दोन डिस्कांच्या मधोमध, चांगला खरपूस भाजलेला, लग्नाचा पहिला फुगा तयार होता.

जेम्स आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “पण तू म्हणालास ना, एक गेली तरी दुसरी आहे?”

“दोघी एकाच होडीत बसल्या होत्या, जेम्स.”

नालासोपाऱ्याच्या तुळिंजमधला दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “अंकल, मुश्किल आहे. बाहेरगावी पाठवावं लागेल, महिना तरी जाईल.” मग आग्नेलला कॅसेटी आठवल्या. दोघं पेरूच्या बागेकडे धावले. झाडाझाडावर बेटीबायची गाणी वाऱ्यावर फडफडत होती. उन्हात चमकत होती, दवाने चिकटली होती, कुठे गुंतली होती, कुठे तुटली होती. आग्नेलने एक फीत हळूच सोडवायला घेतली. ती बोटांतच तुटली. वरच्या फांदीवर एक पोपट पेरू खात बसला होता.

“घाबरत पण नाही हा,” जेम्स खजील होऊन म्हणाला.

परत आल्यावर सालोमी ओसरीच्या पायरीवर बसलेली दिसली. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

“मी विचारलं होतं हो तुम्हाला,” ती हळूच म्हणाली.

“हो,” आग्नेल म्हणाला. “विचारलं होतंस.” आणि तो तिच्याशेजारी बसला. त्याला आपल्या मुलीचं लग्न दिसत होतं: दिवे आहेत, माणसं आहेत, बेंजोवाले आहेत, आणि आजीचं गाणं नाही. अठ्ठावीस हजार भागांतला एकही न हरवणाऱ्या माणसाने स्वतःच्या आईचा आवाज हरवला होता.

“आईला कोण सांगणार?” सालोमीने विचारलं.

“मीच.”

मांडवात बायकांची लगबग चालली होती. क्लाराने पेटीत न गेलेलं पीठ वाचवलं होतं; ते इतकं हलकं झालं होतं, की कढईत पडताच टपोरं फुगत होतं. बेटीबाय एका स्टुलावर बसून उद्याच्या हारांसाठी फुलं वेगळी करत होती. आग्नेल तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसला.

“आई, तुझी गाणी गेली. सगळी. चौदाच्या चौदा. माझ्यामुळे गेली.”

बेटीबायचा हात थांबला. “पेटीतली?”

“हो.”

“आणि पेरूवरची?”

“तीपण.”

कढईजवळच्या बायकांनी माना वळवल्या. नताशा मेंदीचे हात तसेच धरून दारात उभी राहिली. बेटीबायने नातीकडे पाहिलं. मग तिने ओटीतली फुलं खाली ठेवली.

“बरं झालं!”

“काय?”

“त्या केळीच्या गाण्यात शेवटच्या कडव्याला मला खोकला आलाय. मुलगी निघते, तिथेच. दहा वर्षं मी पुढे बसून वाट बघते, आता खोकला येणार, आता येणार. आणि येतोच! एका लग्नात चुकला नाही!”

क्लाराने झारा तोंडावर धरला, पण हसू काही दबलं नाही.

“मग बोलली का नाहीस, आई? आम्हाला वाटायचं, तू…”

“काय बोलू? तुम्ही सगळे डोळे मिटून बसलेले. मला वाटायचं, आज कोणीतरी म्हणेल, बेटीबाय, ते यंत्र राहू दे, तू गा. मग वाटायचं, पुढच्या लग्नात म्हणेल.” तिने पदराने हात पुसले. “मी गायचं बंद केलं नव्हतं, आग्नेल. मला कोणी ‘गा’ म्हटलंच नाही. प्रत्येक लग्नात मला गायचं होतं.”

“मग आज गा, आई,” आग्नेल म्हणाला, आणि बेटीबायने पहिली ओळ टाकली.