काकाकाका गैरहजर

न्याय आंधळा असावा, असे जग म्हणते. आमच्या फिजीतल्या कामगार लवादाने एक पाऊल पुढे टाकून त्याला बोलके यंत्र बसवले.

पूर्वी कारकून विलियामे दारात उभा राहून नावे पुकारत असे. ओळखीच्याला खणखणीत, नावडत्याला पुटपुटत. हा पक्षपात त्याने स्वतःच वरिष्ठांच्या नजरेस आणला आणि यंत्राची शिफारस केली. (उद्घाटनाला केक होता.) यंत्र फक्त आडनाव घेते, पहिल्या नावाने जवळीक वाटते. आणि सगळी आडनावे सारख्याच निष्ठेने चुकवते. समानता शंभर टक्के.

त्या सोमवारी बाकावर लितियाबाई बसल्या होत्या. हॉटेलातल्या चादरी धुण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. मग एका सकाळी मालकांनी काही न विचारता घरी बसवले. त्यांना नोकरी परत हवी होती.

"विली, एकदा तरी माझं ऐकायचं ना रे त्यांनी?"

"इथे सगळ्यांचं ऐकतात, मावशी," विलियामे म्हणाला. दोघे रविवारी चर्चमध्ये एकत्र गात. "तीनदा पुकारतील. निवांत बस."

लितियाबाईंचे आडनाव धाकाधाका. (फिजियन भाषेत अर्थ: काम. लवादात काम गैरहजर असणे नवे नाही.) आम्ही लिहिताना रोमन 'सी' लिहितो आणि वाचताना 'ध' म्हणतो, जुन्या मिशनऱ्यांची कृपा. यंत्र मिशनऱ्यांना भेटलेले नव्हते.

"काकाकाका!" यंत्र मंजुळ आवाजात म्हणाले.

बाकाच्या टोकाचे दाढीवाले बिसेसर दचकून उठले. "आलो गं पोरी! किती हाका मारशील?"

सगळे खो खो हसले. लितियाबाईही. "विली, कुणाच्या काकांना एवढ्या लाडानं बोलावतात रे?"

खरे नाव विलियामेच्या जिभेच्या टोकावर होते. पण एका पक्षाच्या कानात कुजबुजणे म्हणजे पक्षपात; शिवाय शिफारशीखाली सही त्याचीच. तो बुटांकडे बघत राहिला. दुसरा पुकारा झाला. तिसराही.

निकाल: पुरेपूर संधी दिली, तक्रारदार गैरहजर, दावा फेटाळला.

"मला न विचारता?" लितियाबाईंचा आवाज चिरकला.

"तीनदा विचारलं, मावशी." मग त्याने धीर दिला: फेरअर्ज करता येतो. त्याचीही रीतसर सुनावणी होते. नाव तीनदा पुकारतात.

आता आपण हळहळाल. पण वाचकहो, बाईंचे खरे नाव पुकाऱ्याच्या आधीच तुमच्या कानावर घातले होते. बिसेसर उठले, तेव्हा तुम्हीही हसलात. बाकावरून आणखी कोणी उठल्याची नोंद नाही.