हैबतरावांची तिकिटगडावरून सुटका

श्रीगजानन प्रसन्न. सरकारांनीं पुसिलें कीं, तिकिटगड पडला असतां किल्लेदार बोहल्यावर कैसे राहिले. म्हणोन जैसें देखिलें तैसें लिहिलें असे. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, काचेच्या महालांत संगणकांचें एक राज्य नांदत होतें. तेथें तिकिटगड नामें जुना प्रोग्राम, त्यावरून मुलुखभर गाड्यांचीं तिकिटें निघत, आणि किल्लेदार हैबतराव शेंडकर. रावांनीं गड रचितां, त्या दिवशीं डब्यांत जें आलें तेंच दरवाजास नांव दिधलें; म्हणोन महादरवाजा तो पडवळ, खजिना तो मेतकूट, आणि चोरवाट ती कालचीच आमटी. लिहून कांहीं ठेविलें नाहीं. हाताखालच्या सगुणाबाई तांडेल पुसूं लागल्या तर राव म्हणत, "बाई, तुम्हांस नाहीं कळायचें. मी आहें ना!" मनांत हिशेब ऐसा कीं, ज्यावांचून अडतें त्यास कोण काढितो? जमेची बाजू बरोबर. खर्चाची पाहिलीच नाहीं. नव्या मोहिमेवर जावें ही रावांची मोठी हौस, आणि दरसाल अर्ज करितां सरसुभेदार दमयंतीबाई म्हणत, "तुम्ही गेलांत तर गड कोण सांभाळील? बसा." मग राव बसत.

मार्गशीर्षांत रावांचें लग्न निघालें. वधू केतकीबाई, दुसऱ्या राज्यांत त्याही किल्लेदार. अंतरपाट धरिला, मंगलाष्टकें चालूं जाहलीं, आणि रावांच्या शेल्यांत फोन थरथरला. सगुणाबाई ओरडल्या, "राव, गड पडला! ऐन लग्नसराईंत लोक थांब्यावर खोळंबले!" राव बोलिले, "पडवळ लावून घ्या, मग मेतकूट उघडा!" तों आचारी धांवत आला, "मेतकूट ठरलें नव्हतें हो!" मग अंतरपाटाखालून मेंदीचा हात आला आणि फोन घेऊन गेला. "सगुणाबाई, मी केतकी. तुमच्या बुद्धीनें करा. काय हवें?" "पासवर्ड!" "अहो, पासवर्ड सांगा." "सर्वांदेखत?" "नाहीं तर अंतरपाट दूर होत नाहीं." रावांनीं मान खालीं घातली आणि म्हणाले, "केतकी हो म्हण." मांडव हंसोन लोळला, गुरुजींची अक्षत चुकली. केतकीबाई "हो" म्हणाल्या आणि अंतरपाट दूर जाहला.

पुढें पंगत बसली, तरी रावांचा डोळा फोनवर. "फोन कैसा येत नाहीं?" "गड उभा राहिला म्हणोन," केतकीबाई बोलिल्या. "माझ्यावांचून?" "तुमच्यावांचून. जिलेबी घ्या." रावांस ती जिलेबी घटकाभर कारल्यासारखी लागली.

परतोन पाहातात तों दरवाजांस सरळ नांवें, सर्व वाटा लिहून भिंतीवर, आणि आमटी पाडून टाकिलेली. "तिच्यांतूनच गळत होतें, राव," सगुणाबाई म्हणाल्या. रावांचा संताप मस्तकीं चढला आणि ते तोंड उघडणार, इतक्यांत दमयंतीबाई दारीं येऊन म्हणाल्या, "राव, गडास आतां किल्लेदार आहे. मोहिमेवर निघतां काय?" रावांचें तोंड उघडलेंच होतें, त्यांतून "आज निघूं कीं उद्यां?" एवढेंच निघालें. मग राव सगुणाबाईंस लवून मुजरा करून, डबा काखेंत घेऊन, नाचतच गड उतरले.

तात्पर्य, ज्यावांचून अडतें, तो तेथेंच अडतो. पासवर्ड सगुणाबाईंनीं त्याच दिवशीं बदलिला होता. एक तर मांडवभर कळलेला, आणि केतकीबाईंनीं हो म्हटल्यावर जुना कशास? इति.