आमेन कोणी म्हणायचं?

मागच्या रविवारी चर्चमध्ये मंडळीने चक्क प्रार्थनेला टाळ्या वाजवल्या आणि तिथून सगळं बिघडलं.

कारण होता शिंप्याचा मेहुणा. पाळक डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि मागे हा कीबोर्डवर हळू सूर धरून होता. प्रार्थना संपत आली असं त्याला वाटलं. त्याने असा काही झोकात शेवट केला की लोकांनी डोळे उघडून टाळ्या दिल्या. पाळकांचं वाक्य अर्धंच राहिलं.

शनिवारी वाद्यवृंदाच्या सरावाला पाळक स्वतः आले आणि शिंप्याला म्हणाले, "मास्तर, तुमच्या वाजवण्याला नाव ठेवायला जागा नाही. पण लोक इथे देवाला भेटायला येतात, तुमच्या मेहुण्याला नाही. उद्या संगीताने प्रार्थनेला हातभार लावला तर ठीक. नाहीतर वाद्यं कपाटात."

शिंपी या वाद्यवृंदाचा प्रमुख. दिवसभर मशीन मारून, मान आखडलेली असताना त्याने एक नवं गीत बसवलं होतं. उद्या प्रार्थनेनंतर तेच गायचं होतं. कपाटाचं नाव ऐकून तो स्टुलावर बसला तो उठेचना.

पाळक गेल्यावर तो मेहुण्याला म्हणाला, "उद्या आमेन ऐकू येईपर्यंत कीबोर्डवरून बोट उचललंस तर बघ."

"आणि शेवट कसा करू, दाजी?"

"पाळक 'शेवटी' म्हणाले की आवाज जरा चढव. जरा! सर्कस नाही ती."

तिकडे पाळकही घरी जाऊन हळहळले. फारच लागेल असं बोललो, बिचारे कामधंदा सांभाळून मेहनत करतात. उद्या आपण त्यांना तोडायचं नाही. सूर थांबले की मगच आमेन म्हणायचं. हे त्यांनी मनाशी ठरवलं आणि मनातच ठेवलं.

रविवारी मंडळी प्रार्थनेला उभी राहिली. पाळकांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, परीक्षा देणाऱ्यांसाठी मागितलं. मग जरा कानोसा घेतला. सूर चालूच. त्यांनी बस चालवणाऱ्यांसाठी मागितलं. मग नळ दुरुस्त करणाऱ्यांसाठी.

"अहो," शिंप्याची बायको पुटपुटली. मुख्य गायिका तीच, माईक तिच्याच हातात. "थांबवा ना त्याला. माझ्या पायात गोळे आले."

"आमेन कुठे झालंय?"

"तो थांबल्याशिवाय व्हायचं नाही ते. पाळक सारखे एक डोळा उघडून त्याच्याकडे बघतायत."

"चुकला तर वाद्यं कपाटात जातील. गप उभी राहा."

तरी शिंप्याने मेहुण्याला हाताने 'हळू' अशी खूण केली. सूर उतरले. पाळकांच्या जिवात जीव आला. "आणि शेवटी, हे प्रभू..."

'शेवटी' ऐकताच मेहुण्याने ठरल्याप्रमाणे आवाज चढवला. पाळकांना वाटलं, यांना आता कुठे स्फूर्ती आली. त्यांनी घसा खाकरला आणि जगातल्या समुद्रांसाठी प्रार्थना सुरू केली. एकेक समुद्र नाव घेऊन.

मागच्या बाकांवर म्हातारी माणसं हळूच बसू लागली. मेहुण्याची बोटं वळायला लागली होती, पण चेहरा शहीद व्हायला निघाल्यासारखा. दुसऱ्यांदा 'शेवटी' आलं, दुसऱ्यांदा आवाज चढला. पाळक समुद्रांवरून वाळवंटांवर आले.

तेव्हा शिंप्याच्या बायकोने माईक तोंडाशी नेला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

"आमेन!" सगळी मंडळी एका दमात ओरडली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मेहुणा कीबोर्डवरच कोसळला, त्याचा जो काही सूर निघाला तोच शेवट. उपासनेची वेळ केव्हाच संपली होती. नवं गीत राहिलं ते राहिलंच.

लोक घाईने घरी निघाले. शिंपी वायरी गुंडाळत कपाटाकडे बघत राहिला. तेवढ्यात पाळक आले. आवाज पार बसलेला.

"मास्तर, इतक्या वर्षांत असं एकमुखी आमेन मी ऐकलं नव्हतं. आज तुम्ही मंडळी एक केलीत. वाद्यं राहू द्या बाहेर."

"आणि आमचं नवं गीत, पाळकसाहेब?"

"पुढच्या रविवारी. प्रार्थना करून वेळ उरला तर."

मेहुणा बोटं चोळत विचारत होता, "दाजी, मग मी नक्की थांबायचं कधी?" शिंप्याने वायरीचं भेंडोळं त्याच्या हातात दिलं.

पाळक दारापर्यंत गेले, घुटमळले आणि परत फिरून शिंप्याच्या बायकोजवळ आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी जरा लवकर म्हणाल का?"