आधी आपन प्यायचं

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात बबनकाकांकडून ड्युटीचा ताबा घ्यायचा तर आधी फुलपात्रभर पाणी प्यावं लागतं. शुद्ध झालेलं पाणी जिथून शहराकडे निघतं तिथे एक नळ आहे, त्याचं. काका स्वतः पितात, मग आपल्याला पाजतात. "आधी आपन प्यायचं, मग गावाला पाजायचं," हा त्यांचा कायदा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पिशवीतून बाटलीबंद पाणी काढलं. काकांनी ती बाटली अदबीने बाजूला ठेवली आणि त्यांच्याही हातात फुलपात्र दिलं.

काका राजगुरुनगरकडचे. पंप, क्लोरीनचा डोस, सगळं आता कॉम्प्युटरवरून चालतं, पण काका त्याला टीव्ही म्हणतात. पडद्यावर पातळी दिसत असली तरी दर तासाला जिना चढून टाकीत डोकावतात. "टीव्हीत पानी न्हाई, पान्याचं चित्तर हाय." आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

त्याच शहाणपणात मी त्या कॉम्प्युटरवर एक ॲप टाकलं. बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसून मोबाइलवर पंप बघता यावेत म्हणून. कुणाला विचारलं नाही, पासवर्डही अगदी सोपा ठेवला. पुढे ते काढायचं राहूनच गेलं.

महिन्याभराने भर दुपारी काकांनी फुलपात्र तोंडाला लावलं आणि घोट थुंकून टाकला; पाण्याला क्लोरीनचा उग्र वास होता. मी पडद्याकडे बोट दाखवलं, तिथे डोस अगदी बरोबर दिसत होता. काकांनी वाद घातला नाही. पॅनेलवरचा खटका ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवला, क्लोरीनचा पंप हाताने बंद केला आणि शहराकडची झडप बंद करायला मला जुंपलं. मी घाम पुसतोय तोवर पडद्यावर कुठल्याशा परदेशी गटाच्या घोषणा झळकल्या. भांडण सरकारांमधलं, आणि क्लोरीन आमच्या पाण्यात. माझी महिन्याची मुलगी त्याच पाण्याने न्हायची.

त्या कॉम्प्युटरला बाहेरून यायची तेवढीच एक वाट होती; ते लोक माझ्याच ॲपमधून शिरले होते, हे मला कळून चुकलं. नोकरी जाणार हे नक्की. मी काकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "चल, सायबाला सांगू."

केंद्राच्या साहेबांच्या केबिनमध्ये काका सहसा पाऊल टाकत नाहीत. त्या दिवशी टोपी हातात धरून माझ्या शेजारी उभे राहिले. "ह्याला काम मी शिकिवलंय. निम्मी चूक माजी धरा." साहेबांनी मला भरपूर झापलं, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, पण नोकरी ठेवली.

बाहेर आल्यावर मी काकांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी दंडाला धरून मला उठवलं.

"माज्यावर बी अशी येळ आली व्हती," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "तवा संगं कुनी आलं न्हवतं."