उस्मानमियांची जीभ

मोटारीत पाणी ओतण्याआधी उस्मानमिया ते ओंजळीत घेऊन चाखायचे. घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि मग रस्त्याच्या कडेला पचकन थुंकून निकाल द्यायचे. "नागावचं. गोडं हाय, पन जरा जड." किंवा, "ह्यात खाडी शिरलीय. म्हशीलापन नको." आमच्या माणदेशात पाणी असं थुंकणाऱ्याला विहिरीवरच चोप मिळाला असता. मी मात्र गप्प राहिलो, कारण नोकरीला लागून तेव्हा चारच तास झाले होते.

आमची सर्व्हिस मोटार अलिबागहून धरमतरला जायची. तिथल्या धक्क्याला मुंबईची बोट लागे, आणि बोटीआधी पोचणं हा आमचा धर्म. मिया मोटार हाकायचे, मी तिकिटं फाडायचो. शाळा माझी मराठी चौथीतच सुटली होती, पण कानाला पेन्सिल असल्यामुळे सगळे मला मास्तर म्हणत. ही नोकरीही मियांनीच मिळवून दिलेली. मी धक्क्यावर तापाने फणफणत पडलो होतो, त्यांनी उचलून मोटारीत घातलं आणि मोटारमालक शेटना सांगितलं, "ह्याला लिवता येतं." तो उपकार मला उठता-बसता आठवे, आणि त्याच्या पाठोपाठ नोकरी जाईल ही धास्ती.

जवानीत मिया आगबोटीवर कोळसा मारायचे. तिथे एकदा खाऱ्या पाण्याने बॉयलर बसला, तेव्हापासून त्यांचा विश्वास फक्त स्वतःच्या जिभेवर. माणूस खोटं बोलतो, इंजिनही कधीमधी बोलतं. "पानी खोटं बोलत न्हाय, मास्तर," हे दिवसातून दहादा. चौलपासून पोयनाडपर्यंत प्रत्येक विहिरीची चव त्यांना पाठ. बायका घागर देताना विचारायच्या, "मिया, आज कशी हाय आमची विहीर?" आणि मिया नाडी धरलेल्या वैद्यासारखे गंभीर होऊन सांगायचे.

दसऱ्याला घोटाळा झाला. सकाळी मियांनी रेडिएटरची खालची तोटी सोडून वर्षाचं गंजकट पाणी काढून टाकलं आणि चाखून निवडलेलं नवं पाणी भरलं. आतली हवा निघावी म्हणून झाकण उघडं ठेवून ते हात धुवायला गेले. मी पूजेचं ताट घेऊन पुढे आलो. चाकांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. समोर पाहतो तर रेडिएटरचं तोंड काठोकाठ भरलेलं, अगदी कलशासारखं. कलश म्हटला की अक्षता आल्याच. कुंकवाने माखलेल्या तांदळाची मूठ मी आत सोडली, वर झेंडूच्या पाकळ्या, आणि हात जोडून म्हटलं, देवा, ही नोकरी टिकू दे.

देवाने ऐकलं. त्याची ऐकण्याची पद्धत फार वाईट.

दुसऱ्या दिवशी कार्ले खिंडीच्या चढावर मोटारीने वाफ सोडली. ती निवेपर्यंत बोट सुटली. तिसऱ्या दिवशीही तेच. मियांनी पंख्याचा पट्टा ताणला, रबरी नळी बदलली, पुन्हा हवा काढली. उतारूंनी लिंबू-मिरची सुचवली. एकजण म्हणाला, दसऱ्याचं पाणी कोणाच्या हाताने भरलं तेही बघा. मियांना ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाला, पण मियांचे कान जिभेइतकेच तिखट होते. ते नुसते पान्हे पुसत राहिले.

चौथ्या दिवशी शेट आले. त्यांनी शांतपणे सांगितलं की संध्याकाळपर्यंत कारण कळलं पाहिजे, आणि ज्याचा हात त्यात असेल त्याने घरी बसायचं.

दुपारी मियांनी तोटी सोडली. निवलेलं पाणी चाखलं, आणि पहिल्यांदाच थुंकले नाहीत. बराच वेळ घोळवत राहिले.

"पेज," ते म्हणाले.

रेडिएटर सोडवून त्यांनी उलटा केला, तोंडाखाली पंचा धरला आणि मला घागरी ओतायला लावल्या. पंच्यावर फुगलेली गुलाबी शितं पडू लागली. मागोमाग पाकळ्या. मियांनी शितांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीठ घालायचं राहिलं, मास्तर."

मी पाय धरायला वाकलो. शेटना सांगतो, असंही म्हणालो, पण ओठांच्या आतल्या आत. मियांनी पंचा कोंबड्यांपुढे झटकला. कोंबड्यांनी पुरावा दोन मिनिटांत संपवला.

"माझ्या घरी हितून चालत जाता येतं," ते पंचा पिळत म्हणाले. "तुझ्या न्हाय."

संध्याकाळी त्यांनी शेटना सांगितलं, चूक माझी, खाडीकडच्या विहिरीचं पाणी न चाखता भरलं. शेटनासुद्धा ते खरं वाटेना. "तुम्ही? न चाखता?" तेव्हा मिया म्हणाले, "वय झालं, शेट. जीभ गेली."

मी शेजारीच उभा होतो, कानाला पेन्सिल लावून. एक शब्द बोललो नाही.

नवा ड्रायव्हर आला. त्याने मिळेल ते पाणी भरलं आणि मोटार एकदाही तापली नाही. त्यामुळे चूक मियांचीच, हे सगळ्यांना पटलं. ज्या बायका विहिरीची तब्येत विचारायच्या त्याच आता हसून म्हणू लागल्या, मियाची जीभ फुकटच मिरवत व्हती. मी तिकिटं फाडत होतो.

महिन्याभराने धीर करून चौलला मियांच्या घरी गेलो. घरी बायको असेल, मुलं असतील, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तेवढाच मला आधार होता. शेजाऱ्याने दार दाखवलं आणि म्हणाला, त्यांचं कोण न्हाय. दिवसभर मोटारीवर असायचे, हितं निस्तं निजायला यायचे.

आत एक थाळी, एक पेला, एक माठ. मी माफीचं बोलायला लागलो की मिया विहिरींचं काढायचे. नागावची कशी आहे? पोयनाडची? नवा चाखतो का? मी नाही म्हणालो.

मग उठून माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, दाराबाहेर थुंकले. मी निकालाची वाट पाहिली. तो आला नाही. त्यांनी पेला विसळून भरला, माझ्यापुढे धरला आणि जरा मागे घेतला. आमच्यातला माणूस तेव्हा त्यांच्या घरचं पाणी पीत नसे. मी पेला हातातून घेतला आणि प्यालो.

"कसं हाय, मास्तर?" त्यांनी विचारलं. विहिरीचं पाणी कसं आहे हे मियांनी दुसऱ्याला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पाणी मचूळ होतं.

"गोड आहे, मिया," मी म्हणालो, आणि आणखी मागितलं.